एचटूओमामांचा नापास जावई

माझे मामा नवख्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याला पाण्याचं रासायनिक सूत्र विचारत. शेवगावात त्यांची पिठाची गिरणी होती. दळण घेऊन आलेली बाई असो की मीटर बघायला आलेला वायरमन, उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. सगळं गाव त्यांना एचटूओमामा म्हणे. दहावीच्या विज्ञानात त्यांचं हे एकच उत्तर बरोबर आलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी जन्मभर जगाची परीक्षा घेतली.

घरातल्या मुलींची स्थळं तेच पसंत करत. शेती, नोकरी, पत्रिका बाकीच्यांनी बघायची. मामा पोह्यांची बशी हातात धरून एकच प्रश्न टाकत. पेपर केव्हाच फुटला होता. मुलं घरून पाठ करून येत. एकजण तर पाया पडतानाच "एचटूओ" म्हणाला, त्याला पैकीच्या पैकी मिळाले.

"मामा, आता प्रश्न तरी बदला," मी एकदा म्हटलं.

"बदलला, तर उत्तर बरूबर हाय का न्हाई, ते मला कोन सांगनार?"

माझ्या वेळी घोटाळा झाला. आमचे हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. मामांनी प्रश्न टाकला, तर हे गंभीरपणे म्हणाले, "कुठल्या पाण्याचं? बोअरच्या पाण्यात क्षार असतात, टँकरच्या पाण्यात क्लोरीन..."

"म्हंजी येत न्हाई," म्हणून मामांनी बशी खाली ठेवली.

लग्न मी केलंच. मामांनी अक्षता टाकल्या, आहेरही केला. दर दिवाळीला ते भिंगारला आमच्याकडे येत, चिवड्याचा डबा रिकामा करत आणि पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं पीत. ठसका लागला तरी माझ्या तांब्याला हात लावत नसत. "ज्याला पानी म्हंजी काय ठाव न्हाई, त्याच्या घरचं पानी प्यायचं कसं?"

मी ह्यांच्या विनवण्या करी. "अहो, एकदा म्हणून टाका की!"

"मी एमएस्सी आहे. आता गिरणीत तोंडी परीक्षा देऊ?"

शेजारीपाजारी हसत, मीही हसे. पण आई गेल्यावर माहेर म्हणून मला मामाच उरले होते, आणि माहेरचा माणूस आपल्या घरचं पाणी पीत नाही हे फार लागायचं.

शेवटच्या आजारपणातही त्यांनी नर्सकडून आधी सूत्र वदवून घेतलं, मगच सलाईनसाठी हात पुढे केला. मी घरून नेलेल्या पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाशी नेला, तर त्यांनी मान फिरवली. "पावन्यांना सांग, आजून येळ हाय." तो निरोप मी घरी पोचवला. हे पेपर तपासत राहिले. दोन दिवसांनी मामा गेले.

दहाव्याला पिंडाजवळ ठेवायला पाणी मी मुद्दाम भिंगारहून, आमच्या घरून नेलं. समोरच्या बाभळीवर कावळेच कावळे, पण एकही खाली येईना. मामेभावाने गिरणी चालू ठेवायचा शब्द दिला. मामींना सांभाळायचा दिला. भावकीने बांधाचं भांडण मिटवायचा दिला. कावळे ढिम्म. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा आमचे हे उठले. चपला काढून पिंडासमोर गेले, हात जोडले आणि वर्गात म्हणावं तसं खणखणीत म्हणाले, "मामा, एचटूओ."

एक कावळा खाली उतरला. भाताकडे न बघता त्याने आधी पाण्याच्या वाटीत चोच बुडवली. एकदा, मग पुन्हा. त्यानंतर पिंडाला शिवला.

मला हुंदका आवरेना. मामींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगं बाई," त्या म्हणाल्या. "प्यालं बग तुज्या घरचं."