विमानाची शीव

आदिलाबादच्या बसस्टँडवर झाडू मारणारी ती बाई मला एकदाच भेटली. सगळा स्टँड तिनं लख्ख झाडला होता, फक्त आमच्या फलाटावर धूळ आणि शेंगांची टरफलं तशीच होती. मला घाण खपत नाही. चिडूनच विचारलं, "मावशी, हे काऊन सोडलं?"

झाडू छातीशी धरून ती जवळ आली. "दादा, हैदराबादहून लंडन किती घंट्याचं हाय? पोरगी इमानात हाय."

पोरगी शिकायला निघाली होती. विमान पहाटे सुटलं होतं. मी मोबाइलमध्ये पाहिलं. "दहा घंटे. उतरायला अजून अर्धा घंटा हाय."

"मंग तवाच झाडतो. मानूस वाटेवर असलं का मागं केर काढू नाही."

"ते घरात, मावशी. हा स्टँड हाय."

"काल इथूनच बसली ना ती. पैले बरं होतं, मानसानं गावाची शीव ओलांडली का झाडता ये. इमानाची शीव कोठी असते?"

तेवढ्यात मुकादम आला. "ये काइकू छोड दिए?" तो खेकसला. तिची बोटं झाडूवर आवळली, पण झाडू खाली टेकला नाही.

मी त्या टरफलांतच बसकण मारली आणि म्हणालो, "मैं उठा तो झाडेगी."

तो दोन पावलं मागे सरला आणि तिथंच उभा राहिला. माझी भीमपूरची बस लागली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली.

विमान उतरायला अजून वीस मिनिटं होती. मी उठलो नाही.