झेंडूची माळ घालून पोलीस थाण्यात गेलेली सायकल

आत्या पडली त्या संध्याकाळी दवाखान्यात जो आला त्याने एकच प्रश्न विचारला, "या वयात सायकल?" शेजारच्या काकूंनी विचारलं, बाबांच्या बँकेतल्या जुन्या मित्रांनी विचारलं, एक्स-रे काढणाऱ्यानेही विचारलं. मागून येऊन धडकलेल्या गाडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जणू सडक गाड्यांच्या वडिलांनी बांधली होती आणि माझी आत्या न विचारता त्यांच्या अंगणात शिरली होती.

माझं डोकं सणकलं. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी आमच्या ह्या हिंदी मुलखातल्या गावात, फ्रीगंजच्या टॉवरपाशी उभ्या राहून सायकलवाल्यांच्या हक्काचे पर्चे वाटतो. सायकलला मागे लाल परावर्तक लावा, हँडलला आरसा बसवा, सडकेच्या अगदी कडेला चिकटून चालू नका, उभ्या गाडीच्या दरवाज्यापासून लांब राहा, हेल्मेट घाला. हे सगळं मी शेकडो अनोळखी लोकांच्या हातात कोंबलं होतं. घरात मात्र माझा पर्चा फ्रिजवर चिकटवलेला होता आणि त्याच्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला होता.

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते आणि घरोघर जाऊन गणिताच्या शिकवण्या घेते. फ्रीगंज ते नानाखेडा, रोज, लेडीज सायकलवर. सायकल चालवायची तिची पद्धत म्हणजे नम्रतेचा कळस. मागून हॉर्न वाजला की ही आपण होऊन कडेच्या खडीत, गिट्टीत उतरणार. "जाऊ दे ग, त्यांना घाई असते." त्या दिवशीही ती कडेनेच चालली होती. पांढऱ्या गाडीने मागच्या मडगार्डला धडक दिली, आत्या उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली.

गाडी चालवणारा विशीतला तरुण होता. तो पळाला नाही, हे मी कबूल करते. त्यानेच तिला गाडीत घालून दवाखान्यात आणलं, तिची पिशवी छातीशी धरून रडतही होता. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले आणि कहाणी पालटली. म्हणे आत्या स्वतःच गिट्टीत घसरली, मुलाने फक्त पुण्य कमावलं.

"खोटारडे!" मी ओरडले. "आत्या, दावा ठोकायचा."

"नको ग. केवढंसं पोर आहे. आयुष्यभर फेडत बसेल."

"त्याच्या खिशातून नाही जात, आत्या! गाडीचा विमा असतो, तो ह्यासाठीच असतो. भरपाई कंपनी देते. तू मागितली नाहीस तर कंपनी तुझी आरती ओवाळणार नाही."

हे तिला खरंच माहीत नव्हतं. खूप जणांना नसतं. प्लास्टरकडे बघत म्हणाली, "ह्या हाताने ब्रेक दाबता येईल का ग मला परत?" तेव्हा मला कळलं की ती नक्की कशाला घाबरत होती. शिकवण्या बंद, मालिशवाल्याकडे म्हणजे त्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरकडे महिनोन्‌महिने जायचं, आणि बाबांनी तर सायकल विकायची भाषा सुरू केली होती. भरपाई मिळाली तर तिचा हात नीट होणार होता. हात नीट झाला तर सायकल राहणार होती. एवढंच होतं सगळं.

पोलीस थाण्यात रपट, म्हणजे तक्रार, नोंदवून झाली. सायकल तपासायला घेऊन या म्हणाले, दसऱ्यानंतर.

आणि मध्ये आली खंडेनवमी.

आमच्याकडे नवमीला शस्त्रं पुजतात. आमचे पूर्वज दरबारात लेखणी चालवायचे, म्हणजे शस्त्रं तेव्हाही नव्हतीच. त्यामुळे विळी, शिलाई मशीन, बाबांचा पाना, माझा लॅपटॉप असं सगळं पाटावर मांडलं जातं, आणि मधोमध आत्याची सायकल. दर वर्षी ती मागच्या मडगार्डवर लाल ऑइलपेंटने स्वस्तिक काढते. एकावर एक थर चढून ते चांगलं जाडजूड झालं होतं.

त्या दिवशी मी पर्चे वाटून परत आले आणि फाटकातच थिजले. आई खोबरेल तेल आणि जुना टूथब्रश घेऊन मडगार्ड घासत होती. बाबा वाकलेला पत्रा बत्त्याने ठोकून सरळ करत होते. आत्या प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खुर्चीत, आणि डाव्या हाताने ताजं स्वस्तिक काढून झालेलं.

"जरा तिरपं आलंय," ती म्हणाली.

"तो पुरावा होता! गाडीचा पांढरा रंग लागला होता ना त्याच्यावर?"

"होता ना," आई म्हणाली. "चांगला बोटभर. मेला हटता हटत नव्हता."

"मी पर्च्यात काय लिहिलंय? अपघात झाला तर काही पुसू नका, आधी फोटो काढा!"

"अगं, तो पर्चा हिंदीत आहे," बाबा अगदी गंभीरपणे म्हणाले. "आम्हाला वाटलं बाकीच्यांसाठी असेल."

आत्या म्हणाली, "नवमीला मळकी सायकल पुजायची का मग? तिनेही सोसलंय माझ्याबरोबर." मी आत जाऊन उशीवर बुक्क्या मारल्या.

दसऱ्यानंतर लोडिंग ऑटोत घालून सायकल थाण्यात नेली. हळद-कुंकू, चकचकीत रिम, हँडलला झेंडूची माळ. माळ काढू द्यायला आत्या तयार नव्हती. स्वतः सुकून पडेपर्यंत काढायची नसते म्हणे. हवालदाराने सायकलला एक प्रदक्षिणा घातली.

"माताजी, आप थाने आई हैं या बरात लेके?"

त्या तरुणाचे वडील खूश झाले. "देखिए साहब, एक खरोंच नहीं. हमारा लड़का तो भलाई करके फँस गया." बाहेर त्यांची पांढरी गाडीही उभी होती, तीही धुऊन-पुसून, बॉनेटवर कुंकवाची बोटं. दसरा काय आमच्या एकट्यांचा थोडाच असतो!

मी भाषणाला तोंड उघडलं. आत्याने डावा हात वर केला. "तू गप बस ग, नेताबाई." मग ती त्या मुलाकडे वळली. ज्या आवाजात ती गणितात अडलेल्या पोरांना विचारते, अगदी त्याच आवाजात म्हणाली, "बेटा, दसरे पे गाड़ी तुमने धोई?"

"जी, आंटी."

"अकेले?"

"जी."

"सामने के बंपर से क्या निकला?"

"लाल रंग," तो म्हणाला. पाठ केलेल्या पाढ्यासारखं, पटकन. "थिनर से छुड़ाना पड़ा." आणि मग वडिलांकडे बघून त्याचा चेहरा पडला.

वडील म्हणाले, "अबे गधे!" मुलगा मान खाली घालून म्हणाला, "पापा, लगी तो थी." हवालदाराने पेन उचललं. तेवढ्यात आत्याने मुलाच्या वडिलांना सुनावलं, "डाँटिए मत, जवाब सही है."

त्या एका उत्तराने सगळं मिटलं असं नाही. विमा कंपनीने पुष्कळ फेऱ्या मारायला लावल्या, कोर्टात तारखेवर तारीख पडली, आणि दर वेळी कुणीतरी विचारायचंच, "इस उम्र में साइकिल?" पण तो मुलगा शेवटपर्यंत आपल्या शब्दावर राहिला. लोक अदालतीत तडजोड झाली. मागितलं होतं त्याहून कमी मिळालं, हे मला आजही डाचतं. आत्याला नाही डाचत. हातावरचा इलाज पुरा झाला, बुडालेल्या शिकवण्यांचीही बरीच भरपाई झाली. रोज सकाळी ती कणीक मळून, ओला पंचा पिळून बोटांत ताकद आणत होती. आईने त्या वर्षी कणकेला हात लावला नाही.

आत्याने पुन्हा सायकल काढली त्या पहिल्या दिवशी मी माझ्या सायकलवर तिच्या मागे निघाले. हेल्मेट, आरसा, परावर्तक, सगळं तिने मुकाट्याने लावून घेतलं होतं. परावर्तक मात्र स्वस्तिकाच्या खाली, वर नाही. नानाखेड्याच्या रस्त्याला मागून एका गाडीने हॉर्न दिला. मग परत दिला, जोरात. मला वाटलं, आता ही उतरते गिट्टीत.

नाही उतरली. कडेपासून हातभर अंतर ठेवून, आपल्या चालीने, पाठ ताठ. गाडी कुरकुरत वळसा घालून पुढे गेली. वळणावर आत्याने पट्टी बसवलेला उजवा हात पुरता लांब केला, वळली, आणि शिकवणीच्या घरासमोर दोन्ही ब्रेक दाबून थांबली. पाय टेकायच्या आधी सायकल थांबली होती.

मी पोचले तर ती ब्रेकवरची बोटं उघडून-मिटून बघत होती.

"दुखतंय?"

"थोडं," ती म्हणाली. "पण दाबला ग. बघितलंस ना?"