निरोप्याची पारख

जगात मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर डहाणूच्या वाडीवाल्या काकांचा. फोनला नेट चांगले मिळाले की ज्याचा चेहरा पडतो, असा तेवढा एकच माणूस मी पाहिला आहे. काका पुष्कळ वर्षे मुंबईच्या कंपनीत मोबाइलची ॲप्स बनवत होते. मग नोकरी सोडून ते घरच्या चिकूच्या वाडीत परतले, आणि चिकू निवडायच्या शेडमध्ये एका बाजूला करंड्या, दुसऱ्या बाजूला आम्ही शिकायला आलेली पोरे, असा संसार त्यांनी मांडला. मी तलासरीजवळच्या झरीचा, घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. ॲप बनवायला मी कॉलेजात शिकलो. ते कुणाच्या तरी उपयोगी पडावे लागते, हे काकांकडे शिकलो.

ॲपमधून सर्व्हरकडे निरोप नेणारा आणि उत्तर घेऊन येणारा कोड आमच्या धंद्यात आयता मिळतो. त्याला लायब्ररी म्हणतात, आणि अशा लायब्रऱ्या ढिगाने आहेत. बाकीचे लोक जिचे नाव जास्त ऐकू येते ती घेतात. काका मात्र जावई शोधावा तशी चौकशी करत. "हिला सांभाळणारं कोण आहे? कुणी तक्रार केली तर दाराशी येऊन उत्तर देतात का? आणि येताना गोतावळा किती आणणार?" गोतावळा म्हणजे तिच्यामागून ॲपमध्ये शिरणाऱ्या इतर लायब्रऱ्या. पाड्यावरचे फोन लग्नांच्या व्हिडिओंनी ठासून भरलेले असतात, तिथे तिळाएवढी जागा नसते, याची त्यांना पक्की जाण होती. एका देखण्या लायब्ररीला त्यांनी एवढ्याच कारणाने नकार दिला. "स्थळ चांगलं आहे रे, पण वऱ्हाड परत जात नाही."

चौकशीतून पार पडलेल्या लायब्ररीची पुढची परीक्षा स्वयंपाकघरात होई. निरोप निघाला रे निघाला की काका फोन तांदळाच्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावत. आत नेट तुटल्यावर ती गप्प बसते, खोटे बोलते, की सरळ 'पोचलं नाही' म्हणते, हे त्यांना बघायचे असे. काकू म्हणत, "लोक तांदळातले खडे वेचतात, आमच्याकडे फोन वेचावे लागतात." त्यानंतर तलासरीची एसटी. त्या भागात फोन मध्येच गुजरातच्या टॉवरला लागतो, स्वागताचा मेसेज येतो, तो वाचेपर्यंत आपण पुन्हा महाराष्ट्रात. या ओढाताणीत काका खिडकीशी बसून अगदी खुशीत असत. एकदा कंडक्टरने विचारले, "काका, उतरायचं कुठे?"

"जिथे नेट जाईल तिथे."

"मग शेवटचंच तिकीट देतो," कंडक्टर म्हणाला.

मला पहिले खरे काम मिळाले ते एका संस्थेचे. पाड्यावर कुणा बाईला कळा सुरू झाल्या की तिथले आरोग्याचे काम बघणाऱ्या आशाताईने फोनवर बटण दाबायचे आणि जीप यायची. जीप दोनच, पाडे पुष्कळ. माझ्या वहिनीला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून हे माझ्यासाठी नुसते पहिले काम नव्हते. मी एक नावाजलेली लायब्ररी घेतली आणि उत्तर आले नाही तर निरोप आपोआप पुन्हा पाठवण्याची तिची सोय चालू केली. मला ती सोय फार मायाळू वाटली होती.

चाचणीच्या दिवशी पेशंट काका होते. आमच्या शेजारच्या अंगणात ते बाजेवर पांघरूण घेऊन आडवे झाले. आशाताईने बटण दाबले. जीप आली. मी अभिमानाने संस्थेच्या मॅडमकडे बघतो, तोच दुसरी जीप आली. पहिला निरोप पोचला होता. त्याचे उत्तर वाटेत हरवले होते. माझ्या मायाळू लायब्ररीने पुन्हा हाक मारली होती. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले, मग बाजेकडे.

"पेशंट कोण?"

"मी," काका म्हणाले.

"कितवा महिना, काका?"

"दिवस कधीचेच भरलेत बाबा. कुणी नेत नाही."

सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आत्ता दुसऱ्या पाड्यावर कुणी अडली असती तर?" शहरातल्या कंपनीलाच काम द्यायला हवे होते, असेही त्या म्हणाल्या. काका पांघरूण बाजूला करून उठून बसले. "मॅडम, कंपनी ही चाचणी एसीत बसून घेईल. तिथे दुसरी जीप दिसणारच नाही. ती दिसेल खरी बाई अडली की. या पोराने ती आज दाखवली, माझ्यावर. एक आठवडा द्या त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "निरोप्याने दहा वेळा हाक मारली तरी चालेल. पण हाक एकच आहे, हे ऐकणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे."

त्या आठवड्यात आम्ही एक लहानशी, बिनागोतावळ्याची लायब्ररी घेतली आणि प्रत्येक हाकेला स्वतःचा नंबर दिला. तोच नंबर पुन्हा आला तर सर्व्हर 'जीप निघाली आहे' एवढेच कळवतो, दुसरी पाठवत नाही. मॅडमनी पुन्हा चाचणी घेतली. काम माझ्याकडे राहिले.

त्यानंतर गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काका-काकू लेकीकडे पुण्याला गेले. वाडी कसायला दुसऱ्याला दिली आहे. पुण्यात नेट इतके चांगले आहे, की काकांचे फोनमध्ये मन लागत नाही. मेसेज उघडतही नाहीत. म्हणून मागच्या महिन्यात मी त्यांना पोस्टाने पत्र पाठवले:

"काका, काकू, साष्टांग नमस्कार.

वहिनीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आशाताईने बटण दाबले तेव्हा नेट येत-जात होते. नंतर नोंद पाहिली, फोनने चार वेळा हाक मारली होती. मी रस्त्यावर उभा होतो. जीप आली तेव्हा वहिनीला तिच्यात बसवले, आणि खरे सांगतो, मी मागचा रस्ता रिकामा आहे ना, तेच बघत राहिलो. तो रिकामा होता. दुसरी जीप त्याच संध्याकाळी पलीकडच्या पाड्यावर गेली. तिथली बाईही सुखरूप आहे.

आई सगळ्यांना सांगते, माझ्या पोराच्या लायब्ररीने जीप आणली. वहिनीला वाटते ती पुस्तकांची लायब्ररी. मुलगी मोठी झाली की तिला तिथे जाता येईल का, असे तिने विचारले. मी हो म्हणून बसलो आहे. तेव्हा आता झरीत खरोखरची एक काढावी लागणार. पुस्तके निवडायला तुम्ही हवेत. गुडघे ठीक असतील तेव्हा कळवा, स्टेशनवर घ्यायला येतो.

तुमचा,
झरीचा"