सोपानरावांनी परत आणलेली केबल

डांगे चौकातल्या माझ्या दुकानात विकलेली केबल परत घेत नाही, असा माझा नियम. सोपानरावांनी तो दोनदा मोडायला लावला. पुन्हा तीच तक्रार घेऊन ते पायरी चढले तेव्हा माझं डोकंच फिरलं. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवर बारीक दिसतो म्हणून त्यांना तो टीव्हीवर बघायचा होता, आणि टीव्हीवर म्हणे सगळं धूसर येत होतं. केबलच खराब, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा कोणी असता तर हाकलून दिला असता. पण सोपानरावांच्या नजरेला अख्खं थेरगाव मानतं. चाकणच्या एका कंपनीत ते फायनल इन्स्पेक्शनला. रंगवलेले पार्ट डोळ्यांखालून घालायचे, ओरखडा दिसला की बाजूला काढायचे, उरलेल्यांवर आपला शिक्का मारायचा. उभा जन्म त्यात गेला. आमच्या गल्लीत कोणी फ्रीज घ्यायला निघालं की आधी सोपानरावांना गाडीवर मागे बसवणार. माझ्या काउंटरची काच नवी आली त्या दिवशी तिच्यावरचा चरा त्यांनीच दाखवला, आणि मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

हल्ली मात्र ते चिडचिडे झाले होते. कंपनीतून गेलेला माल ओरखड्यांपायी परत आला होता, आणि त्यावर शिक्के यांचे. माल माझ्याकडून चोख गेला, पॅकिंगच्या पोरांनी आपटला असणार, असं त्यांनी ठासून सांगितलं. साहेबांनी विश्वास ठेवला. पॅकिंगला खंडू नावाचा परभणीकडचा कंत्राटी पोरगा होता, त्याला दुसऱ्या दिवसापासून गेटच्या आत घेतलं नाही. ह्या पोरांना मालाची कदर नाही, असं सोपानराव माझ्याच दुकानात बसून म्हणाले होते, आणि मी मान डोलावली होती.

तर आता दाखवतोच तुम्हाला, म्हणत मी रविवारी सकाळी नवी कोरी, महागातली एचडीएमआय केबल घेऊन त्यांच्या घरी गेलो. छबूवहिनींनी चहा टाकला. मुलगी मोनिका ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला, लॅपटॉप तिचाच. तिने केबलचं एक टोक त्यात, दुसरं टीव्हीत खोचलं आणि सेटिंगमध्ये जाऊन सगळं नीट लावलं. लग्न सुरू झालं. इतकं स्वच्छ चित्र, की नवरीच्या शालूच्या जरीचा धागा न् धागा वेगळा दिसावा.

मी मोठ्या तोऱ्यात सोपानरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हे बघा. परत तेच. धुरकट."

मी भडकलो. अहो, जरीचे धागे मोजता येतायत, म्हणालो. वहिनींनाही ते दिसत होते. मोनिकाने चित्र थांबवलं आणि मुद्दाम जुनी केबल लावून दाखवली, तरी चित्रात काडीचा फरक नव्हता. सोपानराव उठले, टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले, मग मागे सरकले. एक डोळा झाकला, मग दुसरा. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मोतीबिंदू असेल, साधं ऑपरेशन असतं हो, असं मी घाईघाईने काहीतरी बोललो. त्यांनी ऐकलंच नाही. खाली बसत त्यांनी मोनिकाला खंडूला फोन लावायला सांगितलं. फोन तिच्या हातात दिला. त्यातलं नाव शोधणंही त्यांना जमत नव्हतं. तिने स्पीकर लावला.

खंडू भोसरीच्या खोलीवर होता, अजून काम मिळालं नव्हतं. काकांचा फोन म्हणून तो हरखला आणि यांना बोलू न देता स्वतःच सुरू झाला.

"काका, मी लई इचार केला. तुमच्या नजरेखालून गेलेल्या मालात खोट कशी राहील? माझ्याच हातून आपटला असंल, मला ध्यानात नसंल राहिलं. साहेबांकडं शब्द टाका ना. परत घेतलं तर जपून करीन."

सोपानरावांनी मोनिकाच्या हातातला फोन जवळ ओढला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला उठून जावंसं वाटत होतं.

"खंडू," ते म्हणाले, "तुझ्या हातून काय झालं न्हाई. मला दिसतच न्हाई, पोरा. उद्या माझ्यासंगं साहेबांपुढं चल."