येथे कुटुंब राहते

हिंगोलीतल्या त्या गल्लीत संशोधनासाठी जायला लागले, तेव्हा सगळ्यात आधी माझ्या डोक्यात गेल्या त्या दारावरच्या पाट्या. धंद्याच्या खोल्या आणि संसारी घरं भिंतीला भिंत लावून. गिऱ्हाइकानं चुकून कडी वाजवू नये म्हणून संसारी घरांनी दारावर रंगवून ठेवलेलं, ‘येथे कुटुंब राहते’. पण ही पाटी कुणीही रंगवू शकत नाही, जुन्या मंडळींचा होकार लागतो. हे वैतागून मार्गदर्शकांना सांगितलं, तर म्हणाले, वा, यावर तर स्वतंत्र प्रकरण होईल!

गल्लीतल्या एका बाईनं धंदा सोडून शिलाई मशीन घेतलं होतं. तिची अकरावीतली मुलगी अभ्यासाला बसली की कुणीतरी दार ठोकायचंच. पोरीला जवळ ठेवून शिकवायचं, एवढंच तिचं मागणं. तिनं पाटी रंगवली. शेजाऱ्यांनी त्यावर चुना फासला. तिनं परत रंगवली, त्यांनी परत फासला.

मग मारुतीच्या पारावर बैठक बसली. मी मुलाखत मागितली की ‘असलं काई आम्हाला म्हाईतच न्हाई’ म्हणणारे हेच लोक त्या दिवशी एकेका खोलीचा इतिहास सांगत होते. संशोधकानं मध्ये पडू नये म्हणतात. मी पडले. बाईनं धंदा सोडलाय, मुलगी शिकतेय, आणखी काय हवंय तुम्हाला, असं विचारलं.

एक म्हातारे शांतपणे म्हणाले, “तिचं सोडा, मॅडम. पोरगी वयात येऊन राहिली. उद्या तिनं तेच केलं, तर आमच्या पाटीवर कोन भरोसा ठेवंल?”

मुलीनं कधी कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. पण चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! तोडगा निघाला की मुलगी इथं राहायची नाही, मग पाटी खुशाल लावा. आपण फारच मोठं मन दाखवलं, या समाधानात सगळ्यांनी चहा घेतला. माझा कप मी तसाच ठेवला. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

मुलगी कुरुंद्याला मावशीकडे गेली. कॉलेज सुटलं, आता हळदीच्या कामावर जाते.

परवा मी त्या बाईकडे गेले. दार आता कुणी ठोकत नाही म्हणाली. मशीनवर एक पंजाबी ड्रेस अर्धा शिवून पडला होता, मुलीच्या मापाचा.

“दिवाळीला तिला चार दिवस आनायचं हाय,” ती म्हणाली. “त्या लोकायला तुमी विचारून पाहता का?”