कॉलरवरचा मुंगळा

परवा ताईकडे गुळाचा डबा उघडला आणि त्या वासासरशी गुळाच्या ढेपा रचलेली लासुर्ण्याची आमची ओसरी आठवली. त्याच ओसरीवर तेव्हा ताईला बघायला निरवांगीची मंडळी आली होती. मी तेव्हा बारामतीला मानसशास्त्र शिकत होते, म्हणून आईनं बजावलं, "पोराला नीट बघून घे." पोहे आले, ताई आली, आणि नेमका एक काळा मुंगळा मुलाच्या पांढऱ्या कॉलरवर चढला. पाहुण्याला सांगायचं कसं? आम्ही सगळे श्वास रोखून मुंगळाच बघत राहिलो. मंडळी गेल्यावर ताईनं हळूच विचारलं, "दिसायला कसा हाय गं?" लक्ष एका जागी खिळलं की समोरचंही मनात उतरत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते, पण चेहरा मलाही आठवेना. वडील म्हणाले, "कॉलर बाकी झ्याक हुती." आता होकार द्यायचा कशावर? तेवढ्यात तिकडूनच फोन आला, "पुन्यांदा येतो. मुंगळा कॉलरीतनं आत गेला, पोरानं पोरगी बघितलीच न्हाय." तोच पोरगा आता माझा दाजी आहे. परवा त्या डब्याच्या कडेवरही एक मुंगळा फिरत होता. मी झटकायला हात उचलला, तर ताई ओरडली, "राहू दे गं, आमचा मध्यस्थ हाय त्यो!"