माती पाचला, कुणाची वाट बघायची नाही

मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी त्याची यथेच्छ टर उडवते, त्यामुळे आज इथे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहिते... कारण याबद्दल ज्याच्याशी बोलायला हवं, त्याच्याशी आता बोलणं उरलेलं नाही.

माझं माहेर कडेगाव तालुक्यात, कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून तिथेच नांदतायत. फाट्यावरून वळलं की दोन्हीकडे ऊस आणि मधून एक अरुंद डांबरी. ऊस वाढला की गाव दिसतच नाही. दिसतो तो मारुतीच्या देवळाचा कळस आणि त्याला तारेनं बांधलेला भोंगा. पाणी कधी सुटणार, रेशन आलं का, कुणाची शेळी चुकली, कोण गेलं... सगळं हा भोंगाच सांगतो.

आई तिथे एकटी राहायची. बाबा मिलिटरीत होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तिला सोन्याच्या दोन पाटल्या केल्या आणि पुढे थोड्याच वर्षांत ते गेले. काचेच्या बांगड्या गेल्या, पाटल्या राहिल्या. भाकरी थापतानासुद्धा त्या तिच्या हातात असायच्या. मी कराडला सासरी. कितीदा म्हटलं, चल माझ्याकडे. तिचं उत्तर ठरलेलं, "लेकीच्या दारात ऱ्हाऊ व्हय? थोरला नेनार हाय मला."

थोरला म्हणजे माझा दादा. पुण्याला असतो. त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आईसाठी एक खोली तयार होत होती. निदान फोनवर तरी वर्षानुवर्षं ती तयारच होत होती. आईनं सोबत न्यायची भांडीसुद्धा वेगळी काढून ठेवली होती. शेजारणींना सांगायची, दिवाळी झाली की जाते. मग, पाडवा झाला की.

काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी नेहमीसारखी स्कूटी घेऊन आईकडे निघाले होते. दुपार टळत आली होती. फाट्यावरून आत वळले, आणि भोंग्याची खरखर सुरू झाली. मग आवाज आला.

"कळवण्यास दुःख होतंय... श्रीमती हौसाबाई यांचं आत्ताच निधन झालं आहे. माती पाचला होईल. कुणाची वाट बघायची नाही."

हौसाबाई म्हणजे माझी आई. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. पुढचा रस्ता मी कसा कापला ते मला आठवत नाही. इतकंच आठवतं, की रानात तण भांगलणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्याकडे बघून एकीनं पदर तोंडाला लावला होता.

दारात स्कूटी तशीच आडवी टाकून आत शिरले... तर आई सोप्यात बसून शेंगा फोडत होती.

"अगं, कशी आलीस गं ही? सावकाश यावं की."

मी तिला मिठी मारून रडले, मग हसले, मग परत रडले. ती म्हणाली, "ऐकलं मीबी. म्हनलं, आपल्या नावाची दुसरी कोन गं गावात?" दुसरी कुणीच नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा! शेजारच्या संपतनं, आमच्या चुलतभावानं, भोंगा ऐकून लगेच पुण्याला कळवलं होतं. मी बोलणार तर आईनं हात धरला. डोळे लहान पोरीसारखे चमकत होते. "स्पीकरवर टाक. मीच सांगते त्याला, मी हाय म्हनून. कसा दचकतोय बघ." मी स्पीकर लावला. आई फोनकडे वाकली, "बाळा" म्हणायला तोंड उघडलं...

"सुमे, ऐक," दादाचा आवाज आला. आवाजात घाई होती, दुसरं काही नव्हतं. "मला निघायला वेळ लागेल. तू एक कर, हातातल्या पाटल्या आत्ताच काढून घे. नंतर अंग ताठलं की निघत नाहीत. बायकांची गर्दी व्हायच्या आत काढ."

आईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी फोन बंद करायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"निगतील की," ती फोनमध्ये म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "साबन लावला की निगत्यात."

पलीकडून फोन कट झाला.

मग माणसं आली. बायका बांधावरूनच हंबरडा फोडत आल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. "आवं काकी, तुमी तर..." मागून संपत दोन बांबू खांद्यावर घेऊन आला होता. ते कुठं ठेवावेत त्याला कळेना. आई म्हणाली, "ठेव मागं परड्यात. लागतीलच की कवातरी." सगळे हसले. आता आयुष्य वाढलं म्हणाले. आईनं सगळ्यांना चहा केला. मी तिच्याकडे बघत होते. ती सगळ्यांशी बोलत होती, पण तिच्यातलं काहीतरी उठून गेलं होतं.

दादा संध्याकाळी आला. येताना पेढे आणले होते! "आई, शंभर वर्षं जगतेस बघ आता." आईनं त्याला गरम भाकरी वाढली. तिचे हात मोकळे होते. मनगटावर पाटल्यांच्या जागी पांढरे पट्टे तेवढे राहिले होते. दादा जेवताना पुन्हा पुन्हा त्या पट्ट्यांकडे बघत होता आणि विचारता काही येत नव्हतं. मला त्याची कीव नाही आली. संताप आला, इतका की मी उठून परड्यात गेले.

आता भोंग्याचं. दादा यायच्या आधी मी देवळात जाऊन आले होते. पुकारायचं काम गुरवमामा करतात. ते मळ्यातून धापा टाकत आले आणि त्यांनी मला कोनाडा दाखवला. कोनाडा रिकामा. मशीन, म्हणजे अँप्लिफायर, बिघडून कराडला दुरुस्तीला गेलेलं. भोंग्याची वायर खिडकीतून आत आलेली आणि तिची दोन्ही टोकं हवेत लोंबत होती. मी स्वतः हातात धरून बघितली. शेजारच्या गावचा आवाज वाऱ्यानं आला म्हणावं, तर तिकडे त्या दिवशी कुणी गेलेलं नव्हतं. पोरांची चेष्टा म्हणावी, तर मशीनशिवाय कशी करतील? आवाज बाईचा की बाप्याचा यावरसुद्धा गावाचं एकमत होईना. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि मलाही सांगता येत नव्हतं.

आणि ते शेवटचं वाक्य. आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की भोंग्यावर हमखास सांगतात, थोरले चिरंजीव आल्यानंतर माती होईल. कुणाची वाट बघायची नाही, असं आजवर कुणाच्या मयताला पुकारलेलं मी ऐकलेलं नाही.

पंधरवड्यानं आई मला म्हणाली, सराफाकडं चल. मी भांडले तिच्याशी. बाबांनी केलेल्या पाटल्या, त्या मोडायच्या? ती ऐकेना. पाटल्या मोडल्या आणि त्या पैशातून तिनं देवळाला नवं मशीन आणि नवा भोंगा घेतला. उरलं ते देवळाच्या पेटीत टाकलं. गुरवमामांनी भोंग्यावर ऑइलपेंटनं तिचं नाव घातलं. गाव हसलं, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणालं. वेगळी काढून ठेवलेली भांडी तिनं परत मांडणीवर लावली. दादाचा फोन आला की ती चांगलं बोलायची, जेवला का विचारायची. खोलीचं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.

एकदा मी तिला म्हटलं, "आई, तो आवाज कुणाचा असेल गं?"

"कुनाचा का असंना," ती म्हणाली. "खोटं न्हाई बोलला. गेलीच की मी त्या दिशी."

आई यंदा गेली. पहाटे, झोपेत. मी कळवलं तसा दादा लगेच निघाला. या वेळी त्याला निघायला वेळ लागला नाही. दुपारी पोचला, अंगणात तिच्याजवळ बसला, रडला. खरं रडला असेल, मी नाही म्हणत नाही. मग त्यानं तिचे हात हातात घेतले आणि मनगटं हळूच फिरवून बघितली. इतक्या वर्षांनी तोंडातून निघालंच, "सुमे... पाटल्या?"

त्याच वेळी भोंगा खरखरला. दुसऱ्यांदा पुकारत होते. "श्रीमती हौसाबाई यांचं निधन झालं आहे. माती पाचला होईल. कुणाची वाट बघायची नाही."

"त्या काय," मी म्हटलं, "बोलतायत. ऐक."

त्यानं हात खाली ठेवले. चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या बोलण्यानंच पडला असं मी तेव्हा धरून चालले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सावडायच्या दिवशी मी गुरवमामांचे आभार मानले. म्हटलं, मामा, तुम्ही ते वाक्य लक्षात ठेवलंत, आईला आवडलं असतं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"कुनाची वाट बघायची न्हाई? आवं ताई, मी कशाला आसं म्हनीन? थोरलं चिरंजीव आल्यावर माती, आसंच म्हनलो की मी. दोन्ही बारीला."

मग मी गावात विचारलं. संपतला, शेजारणींना. सगळ्यांनी गुरवमामा म्हणाले तेच ऐकलं होतं. वेगळं ऐकलं ते फक्त मी. चूक माझ्या कानांचीही असेल, दुःखात माणूस काहीही ऐकतं. भोंगा वाजला त्या वेळी माझ्या शेजारी एकच माणूस होता, आईचे हात हातात घेऊन बसलेला. त्यानं काय ऐकलं ते विचारलं, तर कदाचित उलगडा होईल. पण मातीच्या त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही.